रनिंगमधली गाडी

फोन मिलिंदचाच होता. मे महिन्यातली दुपार, आणि कूलरचा आवाज इतका की आधी काही ऐकूच येईना. "ताई, मी तुमच्या अड्याळच्या अलीकडं चिंचेखाली गाडी लावून बसलो आहो. घाबरू नको. पन ये." मिलिंद 'घाबरू नको' म्हणाला की घाबरायचं, हे मला त्याच्या लहानपणापासून ठाऊक. मी यांना हाक मारली आणि आहे त्या साडीत मोटरसायकलवर मागे बसले... मिलिंद गेला, आणि त्याच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊनही आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे थांबले आहेत. जे आले त्यातल्या बहुतेकांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "सिकलसेल होता ना त्याले, मग आज ना उद्या..." या वाक्याचा मला भयंकर संताप येतो. माझा भाऊ काही आज-ना-उद्या नव्हता. एकेचाळीस वर्षं खणखणीत जगलेला माणूस होता, आणि तो कसा गेला हे नीट सांगायला हवं म्हणून लिहिते आहे.

आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वस्तीत एखादं तरी घर असतंच. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांत अशी कळ उठते की अंगावरची चादरसुद्धा सहन होत नाही. मिलिंद पाचवी-सहावीत असताना आमच्या एका मावशीनं त्याच्यासमोरच आईला विचारलं होतं, "हा दहावीपर्यंत तरी पोचते का वो?" तो पोचला. पुढे आयटीआयसुद्धा केलं. डॉक्टरांनी सांगितलेले नियम साधेच होते. उन्हात हिंडू नको, दमू नको, आणि मुख्य म्हणजे भरपूर पाणी पीत राहा. ते शेवटचं खातं माझ्याकडे. पवनीला माहेरी गेले की मी पेला घेऊन त्याच्या मागेच लागत असे. तो म्हणायचा, "ताई, तू मास्तरीन नाही, नळयोजना आहेस."

पवनीच्या घरामागे टिनाचं शेड टाकून तो इंजिनं बांधायचा. गाड्यांची साधी कामंही करायचा, पण जीव होता तो इंजिनात. नागपूरकडची हौशी पोरं जुन्या गाड्या घेऊन यायची आणि टर्बो बसवून द्या म्हणायची. टर्बो म्हणजे काय, ते त्यानं मला भाकरी थापताना समजावलं होतं. इंजिनात दाबून हवा भरायची, तेवढंच जास्त पेट्रोल द्यायचं, म्हणजे आतला धमाका मोठा होतो आणि गाडी पिसाटासारखी पळते. पण कंपनीनं दिलेले पिस्टन, त्यांना धरून असलेले रॉड, वरचं गॅस्केट हे सगळं बेताच्या जोराचं असतं. मोठा धमाका झाला की पिस्टन वितळतो, रॉड तुटून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या धडालाच, भोक पाडतो. म्हणून मिलिंद आधी टर्बो बसवायचाच नाही. "आधी हाडकं मजबूत करू, मंग जोर मागा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ज्याला घाई असेल त्याला तो चहा पाजून परत पाठवायचा. मी एकदा विचारलं, "तुले या इंजिनाचं इतकं वेड काहून रे?" तो पिस्टन पुसत होता. म्हणाला, "माह्ये हाडकं कोनी बदलून देत नाही, ताई. याचे बदलता येतात."

पुढे त्याची हाडंही बदलायचीच वेळ आली. रक्त पोहोचेना म्हणून उजव्या खुब्याचा गोळा आतून मरत चालला होता. उभं राहणं जमेना, तेव्हा त्यानं काम जमिनीवर आणलं. साखळीच्या कप्पीनं इंजिन बसल्या छातीच्या उंचीला लटकवायचं आणि खाली लाकडी पाटावर पाय पसरून बसायचं. पाटावरून उठायचं म्हणजे आईला हाक मारावी लागे. नागपूरच्या डॉक्टरांनी खुबा बदलायचं सांगितलं, जूनची तारीखही दिली, आणि वर हेही सांगितलं की यापुढे जमिनीवर बसायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे इंजिन बांधणं संपलं. त्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, "एक बांधतो. माह्यासाठी."

इतकी वर्षं सगळी इंजिनं दुसऱ्यांची. हे पहिलं त्याचं स्वतःचं, आणि शेवटचं. जुनी पेट्रोल गाडी शेडमध्ये उभी होतीच. तिचा ब्लॉक त्यानं भंडाऱ्याच्या सलीमभाईंकडून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून नीट करून आणला. सलीमभाई म्हणजे त्याचे या कामातले जुने सोबती, आयटीआय झाल्यावर पहिल्यांदा हाताखाली घेतलं ते त्यांनीच. ठोकून घडवलेले पिस्टन आणि जाड रॉड बाहेरून मागवले, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आवळायचे बोल्ट काढून तिथे दणकट स्टड घातले. सगळे भाग आईच्या धुतलेल्या लुगड्यावर मांडलेले असायचे आणि धूळ उडते म्हणून तिला झाडू मारायची बंदी. "मले मिरच्याही भाजू देत नाही," आई फोनवर कुरकुरायची, "म्हनते, त्याले ठसका लागते. इंजिनले!" पण सुरात कौतुक असायचं. पोरगा दुखणं विसरून कशात तरी रमलाय, तिला एवढं पुरत होतं.

एप्रिल संपता संपता इंजिन सुरू झालं. पण टर्बो अजून बसवायचा नव्हता, कारण गाडी रनिंगमध्ये होती. नव्यानं बांधलेल्या इंजिनाच्या रिंगा सिलिंडरला घासून घासून नीट बसाव्या लागतात, आणि तोवर गाडी जपून चालवायची असते. दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायची तर पोरं ॲक्सिलरेटर दाबणार, म्हणून मिलिंद रोज स्वतःच निघायचा. पवनी ते भंडारा, भंडारा ते पवनी, भर उन्हात, सीटवर घडी घातलेली गोधडी ठेवून. एसी बंद. यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. "एसी लावला का इंजिनवर भार पडते," तो म्हणाला. "अन् तुह्यावर पडून राहिला त्याचं काय?" मी ओरडले. तो हसला आणि म्हणाला, "महिन्याभराची गोष्ट आहे, ताई. मंग दवाखान्यात एसीतच तर झोपाचं आहे."

त्या फोननंतर चिंचेखाली पोहोचले तेव्हा गाडीची चारही दारं उघडी होती. मिलिंद सीटला डोकं टेकून बसला होता, ओठ कोरडेठाक, श्वास अर्धाच येत होता. छातीत कळ, अंगात ताप. मागच्या सीटवर आईनं भरून दिलेली पाण्याची मोठी बाटली होती. गरम झालेली आणि जशीच्या तशी भरलेली. "पानी काहून नाही पेला?" मी विचारलं. तो थांबत थांबत म्हणाला, "पेलो असतो तर उतरा लागलं असतं." लघवीसाठी वाटेत उतरायचं, त्या खुब्यानं पुन्हा चढायचं... एवढ्यासाठी माझा भाऊ त्या उन्हात कोरडा बसून राहिला होता. माझ्या काळजाचं पाणी झालं आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. रागावू की रडू, कळेना.

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती दुसरीकडे गेलेली. यांना चारचाकी येत नाही. मला येते, मिलिंदनंच शिकवली होती. आम्ही दोघांनी त्याला धरून बाजूच्या सीटवर घेतलं, मी बाटलीतलं पाणी घोट घोट पाजलं आणि स्टिअरिंगवर बसले. हे मोटरसायकलनं मागे. गाडीनं वेग घेतला तसं त्यानं डोळे उघडले. "ताई, इतकं दाबू नको." मी दाबलं. "अवो, रिंगा बसल्या नाही अजून!" मी म्हटलं, "खड्ड्यात गेल्या तुह्या रिंगा." तो एका हातानं छाती धरून दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून पाय मागे ढकलत होता, आणि त्या हातात जोरच नव्हता. मी ॲक्सिलरेटर पार तळाला नेला. इंजिन जे ओरडायला लागलं ते भंडारा येईपर्यंत ओरडतच राहिलं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. त्याला उचलताना तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बिघडवलं तू." मग तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. रक्त चढवलं, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. पण त्या वाकड्या पेशींनी फुप्फुसंच धरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

त्यानंतर मला नीट झोप नाही. तो गेला त्याचं दुःख आहेच, आयुष्यभर राहील. पण त्याच्या खाली हे दुसरं टोचत होतं. भावाचं एकुलतं एक इंजिन मी बिघडवलं आणि भाऊ वाचलाही नाही. यांना बोलून पाहिलं तर म्हणाले, "काहीतरीच काय." शेवटी मीच सलीमभाईंना पवनीला बोलावलं. गाडी शेडमध्ये आणून ठेवली होती. त्यांनी ऑइल काढून उन्हात धरून पाहिलं, प्लग काढले, एकेका सिलिंडरला मीटर लावून दाब तपासला. मी बाजूला उभी होते. चारही सिलिंडर तपासून झाल्यावर ते उठले आणि हात पुसू लागले.

"कुछ नहीं बिगडा, ताई," ते म्हणाले. "उलट रिंगा एकदम बराबर बसल्या. नव्या इंजिनले थोडा भार द्यावाच लागते. मी मिलिंदले म्हनलं होतं, इतकं जपू नको. ऐकलं नाही."

आई मागे चहा घेऊन उभी होती. तिला दाब-बिब काही कळलं नाही. "काय म्हनते सलीम?" मी म्हटलं, "बिघडलं नाही म्हनते, आई." तिनं चहाचा ट्रे पाटावर ठेवला आणि म्हणाली, "मंग सांगून दे ना त्याले. रागावून गेला तो."

सलीमभाई गेल्यावर मी गाडीत जाऊन बसले. सीटवर ती गोधडी अजून तशीच आहे, डाव्या बाजूला जास्त दबलेली, कारण तो नेहमी दुखरा खुबा जपत एका अंगावर बसायचा. मी दार लावून घेतलं. "मिल्या, नाही रे बिघडलं," एवढं मोठ्यानं म्हणाले आणि मग त्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून वेड्यासारखी रडले.