वहिनीची फुप्फुसं

धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा माझा मोठा भाऊ अतिदक्षता विभागाच्या दाराशी फोनवर बोलत होता आणि चक्क हसत होता. मला पाहून त्याने फोन कानापासून दूर केला.

"बरं झालं आलीस. प्रेशर वाढलंय तिचं! सकाळी नाडी नुसती रेंगाळत होती, आता बघ कशी पळतेय."

आदल्या संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना वहिनी "डोकं फुटतंय" म्हणून गच्चीवरच खाली बसली होती, ती पुन्हा उठली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मी जळगावला असते, गुरांची डॉक्टर आहे. सकाळी फैजपूरला एका गोठ्यात असताना फोन आला आणि तशीच निघाले.

आत गेले. वहिनीच्या तोंडात नळी, यंत्राच्या तालावर छाती वरखाली होत होती. कपाळावरची टिकली तशीच होती. मी मॉनिटरकडे पाहिलं. रक्तदाब आणि नाडी दोन्ही भलत्याच उंचीवर गेले होते. परिचारिका धावत डॉक्टरांना बोलवायला गेली.

हे चित्र मला पाठ होतं. जळगावला यायच्या आधी मी पुण्याकडच्या एका संशोधन संस्थेत डुकरांना भूल द्यायचं काम करायचे. फुप्फुस बदलण्याच्या शस्त्रक्रियेवर तिथे प्रयोग चालत. भुलीत गाढ झोपलेल्या डुकराच्या कवटीला लहानसं भोक पाडून आत एक फुगा सरकवायचा आणि तो हळूहळू पाण्याने भरायचा. मेंदू दाबला जाऊन मरू लागला की शरीर पेटून उठायचं. नाडी धावायची, रक्तदाब उसळायचा, बुबुळं विस्फारायची. त्या उसळीत फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर एवढा ताण यायचा की त्यातून पाणी झिरपायला लागायचं. मग सगळं एकदम कोसळायचं. दाब खाली, लघवी थांबता थांबायची नाही. अशा डुकराची फुप्फुसं दुसऱ्याला बसवली तर ती का बिघडतात आणि कोणत्या औषधाने सावरतात, हे आम्ही बघत होतो. माणसांमध्येही अवयव देणारा बहुतेक वेळा मेंदू मेलेलाच असतो, म्हणून हा खटाटोप.

तेच वादळ आता वहिनीच्या अंगात उठलं होतं. बाहेर भाऊ सांगत होता, "हो, हो, सुधारतेय!" मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. "हं" एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब पार खाली आला. लघवीची पिशवी भरत राहिली. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. बाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. मेंदू मृत झाल्याची लक्षणं आहेत, उद्या रीतसर तपासण्या करू, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या तपासण्यांचा निकाल तोच आला तर अवयवदानाचा विचार करता येईल, हेही हळूच सांगितलं.

बाहेर आल्यावर भावाने विचारलं, "दुपारी मी सगळ्यांना फोन करत होतो. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग मला बोलू कसं दिलंस?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

वहिनीचे वडील साक्रीकडच्या एका खेड्यातले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. सकाळी पहिल्या एसटीने ते आले, लेकीजवळ उभे राहिले, तिचा हात हातात घेऊन बराच वेळ दाबत राहिले. बाहेर येऊन माझ्यासमोर बसले.

"बेटा, तू तरी खरं सांग. तिना हात गरम शे, छाती हालस. मंग ती मरेल कशी?"

मी सांगितलं, छाती यंत्र हलवतंय. हृदय मात्र मेंदूवाचून काही काळ आपलं आपण चालतं. मग, का कोण जाणे, डुकरांचंही सांगितलं. मेंदू मेल्यावर त्यांचंही अंग असंच गरम असायचं. नाना खाली बघत ऐकत होते.

"त्यासले दुखे का?"

"नाही नाना. पूर्ण भूल दिलेली असायची."

"त्यामधलं एखादं तरी माघारी उनं का?"

"नाही. एकही नाही."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांना ते पटलं, हे मला दिसलं.  एकही परत आलं नाही हे खरं होतं, पण आम्ही कोणाला परत यायला वेळ तरी कुठे दिला होता? काही तासांत छाती उघडून फुप्फुसं काढायचो. ज्या उत्तरावर हा बाप आपली लेक सोडून द्यायला निघाला होता, ते उत्तर मी द्यायलाच नको होतं.

मी डॉक्टर बाईंना गाठलं. "श्वासाची तपासणी करताना तिच्या वडिलांना आत उभं राहू द्याल का?" त्यांनी विचारलं, "त्यांना झेपेल?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारते."

नानांकडे परत आले. "नाना, मघाशी डुकरांचं बोलले ते विसरा. त्यांना आम्ही जगू देणारच नव्हतो. त्यावरून वहिनीचं काही ठरत नाही. तुम्ही स्वतः बघा."

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते टोपी नीट करून उभे राहिले. "चाल."

भाऊ आला नाही. त्याला बघवणार नव्हतं.

तपासणी साधी असते. नळीतून प्राणवायू चालू ठेवून यंत्र बाजूला करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मेंदूच्या मुळाशी जरा जरी जीव असला, तर शरीर श्वासासाठी धडपडतंच. यंत्राचा आवाज थांबला. नाना पलंगाच्या पायथ्याशी दांडा धरून उभे होते, नजर तिच्या छातीवर. त्यांचे ओठ हलत होते, "ले, ले बेटा." घे म्हणत होते, श्वास घे. छाती हलली नाही. चादरीची चुणीसुद्धा हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि यंत्र पुन्हा जोडलं.

"नही लिधा तिनी," नाना म्हणाले.

नियमाप्रमाणे काही तासांनी सगळं पुन्हा झालं. निकाल तोच. नाना भावाजवळ बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जे कामले यी ते बठ्ठं देई टाका." म्हणजे सगळंच देऊन टाका. भावाने एकदा अतिदक्षता विभागाच्या दाराकडे पाहिलं. मग मान हलवली.

मूत्रपिंडं आणि यकृत दुसऱ्यांसाठी गेलं. डोळे गेले. फुप्फुसं घेता आली नाहीत, त्यांत पाणी भरलं होतं. बाहेरून आलेल्या पथकातल्या एका डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. ते न वाटणंच नंतर कितीतरी दिवस मला खात राहिलं. वहिनी गाणी म्हणायची, ओवाळताना, पीठ मळताना, वरच्या पट्टीत, दम न लागता.

पुढे एकदा साक्रीकडे गुरांच्या लसीकरणाला गेले तेव्हा नानांकडे थांबले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "छाती तं शेवटपावत हाले ना, मंग फुप्फुसंच का बरं नही?"

मी त्यांना ते वादळ समजावून सांगितलं. दुपारी रक्तदाब उसळला तेव्हा, भाऊ आनंदाने फोन करत होता तेव्हाच ती निकामी होत होती.

"त्याना काही इलाज निंघना का?"

"अजून शोधताहेत."

"डुकरंसवर?"

"हो, नाना."

 बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. बादली उचलून ते गोठ्याकडे गेले. त्यांनी मला बोलावलं नाही, मी मागे गेलेही नाही.