मामाच्या मुंग्यांची तीन घराणी

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो, आणि बिघडलेल्या गोष्टीला हात न लावता पाच मिनिटं बसणं त्याला जन्मात जमलेलं नाही. कुकरची शिट्टी असो, शेजाऱ्यांचं कुलूप असो, नाहीतर पाहुण्यांची छत्री. आधी उघडायचं आणि मग काय झालंय ते विचारायचं. सोबत आलेली सूचनांची चिठ्ठी वाचणं त्याला अपमान वाटतो. "ज्याला उघडता येत नाही, तो वाचतो," असं त्याचं म्हणणं. त्याने उघडलेल्यांपैकी निम्म्या वस्तू पुन्हा मिटल्याच नाहीत, असं माझं म्हणणं. पण भाचीचं ऐकतो कोण!

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत मामीचं पाळणाघर. मधल्या दारातून एकाही पोराने दुकानात पाऊल टाकायचं नाही, असा मामाचा सक्त नियम. पोरं त्याला टिकटिक आजोबा म्हणतात आणि दाराच्या फटीतून त्याच्याकडे टकामका बघतात. मामीला स्वतःचं मूल नाही. ती ते कधी बोलून दाखवत नाही, पण सकाळी पहिलं पोर दारात आलं की तिचा चेहरा फुलतो. पाळणाघरात तिचा जीव आहे, आणि पोरांचा जीव मागच्या अंगणात. तिथे एक झोपाळा, वाळूचा हौद आणि उन्हातलं थोडंसं गवत.

त्या गवतात एके दिवशी मातीचा ढीग वर आला. चाळल्यासारखी भुसभुशीत माती, आणि वर भोक कुठेच नाही. मामीला वाटलं, पोरांनी उकरलं असेल. मग पाळणाघरातल्या सगळ्यात लहान मुलीने, म्हणजे छोटीने, त्यावर पाय दिला आणि गल्ली डोक्यावर घेतली. मामीने तिचे पाय गार पाण्यात धरले, श्वास नीट चाललाय ना ते पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला कडेवरून उतरवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलांवर पांढऱ्या टोकांचे फोड आले.

छोटीची आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुमच्यावर राग नाही माझा. पण महिनाअखेरपर्यंत त्या मुंग्या गेल्या नाहीत, तर मी हिला दुसरीकडे ठेवीन." बाकीच्या आया आपापल्या पोरांची पावलं तपासत होत्या. ही गेली की मागोमाग त्याही जाणार, हे मामीला न सांगताच कळलं.

"मुंग्याच ना? बघतो," मामा म्हणाला. त्याने डोळ्यात भिंग बसवलं, हातात चिमटा घेतला आणि ढिगाजवळ उकिडवा बसला. आम्ही दारातून बघत होतो. काडीने माती जरा हलवल्याबरोबर आतून मुंग्यांचा लोंढा आला आणि सरसर काडीवर चढला. मामा खूश. "पुढून तांबूस आहेत," तो ओरडून सांगू लागला. "मागून काळपट. कमरेला दोन गाठी दिसतायत. काय बारीक काम आहे!" तेवढ्यात बाकीच्या मुंग्या त्याच्या पायजम्यात चढत होत्या. आपल्या काळ्या मुंगळ्यासारखी ही मुंगी भेटल्या भेटल्या चावत नाही. सगळ्या मुकाट वर चढतात आणि मग एकदमच डंख मारतात. संयम मामाच्या अंगी नाही, मुंग्यांच्या अंगी होता.

मामा असा काही नाचला की विचारू नका. पायजमा अंगणात राहिला आणि मामा घरात गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि "अजून एकदा!" म्हणून हट्ट धरला.

दुसरा कोणी असता तर शहाणा झाला असता. मामाने मात्र काडीवरच्या मुंग्या चिमट्याने पकडून पांढऱ्या कागदावर मांडल्या. हाताला सवय स्क्रू निवडायची. बारक्या बारक्यांत, मध्यम मध्यमांत, मोठ्या मोठ्यांत, अशा तीन डब्या भरल्या, आणि रात्री जेवताना निकाल जाहीर झाला. "अगं, ही एक जात नाहीच. तीन घराणी आहेत. एकाच घरात तीन भाडेकरू म्हण ना. प्रत्येकाला औषध वेगळं लागणार."

मग औषधं सुरू झाली. मोठ्यांना किटलीभर उकळतं पाणी, मधल्यांना खडूची पूड, बारक्यांना साबणाचा फेस. अंगण एखाद्या फसलेल्या स्वयंपाकासारखं दिसू लागलं. चारच दिवसांत गवतातलं वारूळ रिकामं झालं आणि त्याच्याऐवजी तीन नवी उगवली. एक झोपाळ्याखाली, एक भिंतीच्या कडेला, एक थेट वाळूच्या हौदाशी. कुणीही कपाळावर हात मारला असता. मामाने मांडीवर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं मी? तिन्ही घराणी वेगळी निघाली!"

त्या संध्याकाळी छोटीची आई तिला न्यायला आली, तेव्हा तिची नजर हौदाशी गेली.  छोटीची घरात घालायची चप्पल, जी कायम आमच्या मांडणीवर असायची, ती तिने पिशवीत टाकून नेली. मांडणीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत मामी कितीतरी वेळ उभी होती. तिला जेवण गेलं नाही. मला मामाचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मामी बी-बियाण्यांच्या दुकानात जाऊन आली आणि हातातली पुडी न सोडताच मामाच्या टेबलापाशी गेली. समोर एक घड्याळ खोलून पसरलेलं होतं.

"अहो, हे किती घड्याळांचं सामान आहे?"

"किती म्हणजे? एकाचं."

"मग ही चक्रं लहानमोठी कशी?"

"अगं, एकाच घड्याळात लहान चक्र असतं, मोठं असतं, प्रत्येकाचं काम वेग..." इथे मामा थांबला. तोंड उघडंच राहिलं आणि डोळ्यातलं भिंग टपकन टेबलावर पडलं.

"दुकानदाराने पहिला प्रश्न हाच विचारला," मामी म्हणाली. "एका वारुळात सगळ्या मापाच्या आहेत का? मी म्हटलं, आमच्याकडे तर मापाप्रमाणे डब्या भरल्यात. तो म्हणाला, मग आग्या मुंग्याच. तुम्ही वरून पाणी ओतलंत, ते वरच्यांना लागलं. खालच्यांनी राण्यांना घेऊन बिऱ्हाड हलवलं. एकाच घराण्याच्या तीन वाटण्या केल्यात तुम्ही!"

मग तिने पुडीवरच्या सूचना मोठ्याने वाचल्या आणि मामाला त्या ऐकाव्या लागल्या. कोरड्या दिवशी वारुळाच्या भोवती औषधाचे दाणे टाकायचे, वर नाही. मुंग्या ते खाऊ समजून आत नेतात, राण्यांना भरवतात, आणि हळूहळू सगळं वारूळ संपतं. तोवर पाणी नाही, काडी नाही. "वारुळाला हात लावू नये," हे वाक्य तिने दोनदा वाचलं.

दाणे टाकले, किटली माळ्यावर गेली, अंगणाला कडी लागली. आता इतकी पोरं दोन खोल्यांत मावेनात. मधलं दार उघडलं आणि सगळी फौज दुकानात शिरली. मामाने त्यांना गजराचं एक मेलेलं घड्याळ उघडायला दिलं. पोरांना मामीने एकच काम दिलं होतं. मामा जरा अंगणाच्या दिशेने हलला की दहा तोंडांनी आरोळी उठायची, "टिकटिक आजोबा उठले!" बिचाऱ्याला पाणी प्यायला जायची चोरी झाली.

महिना संपता संपता मामीने स्वतः काडी घेऊन तिन्ही ढीग उकरून पाहिले. आतून एकही मुंगी आली नाही.

शेवटच्या दिवशी छोटीची आई दारात उभी राहिली. खांद्याला तीच पिशवी. "खरंच गेल्या?" तिने विचारलं. मामी ढीग उकरून दाखवायला काडी शोधू लागली.

मामाने मोजे काढले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, अनवाणी अंगणात गेला आणि हौदाजवळच्या ढिगावर जाऊन उभा राहिला. मामी गार पाण्याची बादली घेऊन त्याच्या मागे धावली. मामाने डोळे घट्ट मिटले होते, ओठ आवळले होते. पोरं दारात दाटीवाटीने उभी होती. त्यांना नाच बघायचा होता. काहीच होईना तशी ती कंटाळली.

"अहो, पुरे आता," मामी म्हणाली. "उतरा खाली."

"घाई कसली?" मामा म्हणाला. मी त्याच्या तोंडून हे शब्द कधीच ऐकले नव्हते. त्याने एक डोळा उघडला होता, आणि तो पायाकडे नाही, त्या पिशवीकडे बघत होता.

छोटीच्या आईने पिशवीत हात घातला, चप्पल काढली आणि मांडणीवर जिथली तिथे ठेवली. मग मामा उतरला. आणि मामीने, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, एकही डंख न बसलेल्या त्याच्या पायांवर ती अख्खी बादली ओतली.