भरल्या गाडीची परीक्षा

मंडळी, आज खामगावात नव्या सेडानची टेस्ट ड्राइव्ह घेतली. सेल्समन मला म्हणाला, "आपण दोघंच जाऊ." बाबा भडकले, "बैल घेताना भरल्या बंडीले जुंपून पाह्यतेत. मंग गाडी रिकामी काऊन पाहाची?"

मागे आई, बाबा, बायको बसले. डिकीत गुरांसाठी घेतलेली सरकी ढेपेची दोन पोती टाकली आणि थेट पिंपळगाव राजाला, आमच्या घरी. गल्लीतला गतिरोधकही न घासता ओलांडला.

पण माझा जीव आईपाशी अडकला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बसक्या गाडीतून तिला दोघांनी उठवावं लागतं. दारात मी हात पुढे केला.

"बाजूले हो, मले उतरू दे," म्हणत ती एकटी उतरली.

हुश्श! सेल्समन अजून मायलेजच सांगत होता. आमची गाडी कधीच ठरली होती. तुमच्या घरी गाडी कोण पास करतं?