लिंबू-मिरचीने थांबवलेलं विमान

माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचं आहे आणि अक्षर त्याच्याही खालच्या इयत्तेतलं, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणी उघडलीच, तर त्याने ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नये, कारण मी सांगणार आहे ती चूक त्याहून मोठी आहे. मी एकदा धावतं विमान थांबवलं. लिंबू-मिरचीने.

आमचे हे गोरव्याच्या एका कारखान्यात टर्नर होते, पण जीव सगळा विमानात. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरावरून विमान गेलं, की हातातला घास तसाच धरून गच्चीवर पळायचे आणि नुसत्या आवाजावरून कोणतं विमान ते सांगायचे. (बरोबर की चूक, कोण बघणार? पायलट काही खाली उतरून सांगत नव्हता!) स्वतः मात्र पंचेचाळिशी आली तरी विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. तिकीट परवडायचं नाही.

आमच्या खाली रमणभाईंचं शिवणकामाचं दुकान. वेड तेच, मतं बरोबर उलटी. रोज संध्याकाळी ओट्यावर दोघांची जुंपायची. रमणभाईंचं म्हणणं, जुनी पंख्याची विमानंच सुरक्षित. इंजिन बंद पडलं तरी पतंगासारखी तरंगत खाली येतात. ह्यांचं म्हणणं, उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, सगळे पतंग शेवटी झाडावरच सापडतात. तेव्हा देशात नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या, आणि पायलटला आता सोन्याचे दिवस आले एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं जमायचं. म्हणून आमच्या लेकीने, नंदाने, पायलट व्हायचं, हे ओट्यावर ठरूनही गेलं. नंदाला कमाटीबागेतल्या झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते, हे मी सांगायला हवं होतं. पण मी चार माणसांत तोंड उघडत नसे.

माझी शिकवणी स्वयंपाकघरात व्हायची. मी कणीक मळायचे आणि हे विमानाची सुरक्षा समजावायचे. पंखाला एक बारीक नळी असते, वारा तिच्यात शिरतो, त्यावरून पायलटला वेग कळतो. एखाद्या कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर केलं तरी सगळ्यांचे जीव धोक्यात. मी "हूं" म्हणायचे. वीस वर्षं मी "हूं" म्हटलं. एकदा जरी ऐकलं असतं, तर ही वही कोरी राहिली असती!

मग एके दिवशी रमणभाई बातमी घेऊन आले. शहराबाहेरच्या मैदानावर एक जुनं विमान येणार होतं, हौशी लोकांना दहा-दहा मिनिटं फिरवायला. तिकीट सहाशे रुपये. ह्यांनी ओव्हरटाइम करून पैसे जमवले. आदल्या रात्री दाढी केली, सकाळी पुन्हा केली.

विमान बघितलं मात्र! एकावर एक दुमजली पंख, मधे तारा ताणलेल्या, आणि वर छप्परच नाही! आमच्या दारातली सायकलसुद्धा त्यापेक्षा भक्कम होती. आधी रमणभाई जाऊन आले. उतरले तेव्हा केस उभे आणि तोंड बंद, जे मी पहिल्यांदाच बघत होते. पुढची पाळी ह्यांची.

आता सांगा, आपल्याकडे साधी लूना आणली तरी हळद-कुंकू लावल्याशिवाय तिच्यावर बसतं का कुणी? आणि हे विमान तर माझ्या माणसाला आभाळात नेणार! मी पिशवीत सगळं घेऊनच आले होते. (रमणभाईंच्या वेळी का नाही? त्यांची काळजी त्यांच्या बायकोने करायची.) विमान चालवणारा कॅप्टन चहाला गेला होता. हे नंदाला इंजिन समजावत होते. मी गुपचूप पंखाखाली शिरले. लिंबू-मिरची बांधायची कुठे? बघते तर हाताशी एक बारीक नळी, पुढे तोंड काढून उभी. बनवणाऱ्याने सोय केलेलीच दिसली! घट्ट बांधलं. नळीचं तोंड उघडं होतं, ते बरं दिसेना; त्यात ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता बोटाने नीट आत सारल्या. वाऱ्याने उडायला नकोत.

हे चष्मा-टोपी घालून पुढच्या जागेवर बसले. आम्हाला हात केला तेव्हा चेहरा अगदी मुंजीतल्या बटूसारखा दिसत होता. विमान धावलं, धावलं, आणि मैदानाच्या टोकाला जाऊन चक्क थांबलं. मग हळूहळू परत आलं. वेगाचा काटा शून्यावरून हलत नव्हता. कॅप्टन उतरला, पंखाखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग लिंबू हातात धरून त्याने विचारलं, "ये किसने किया?"

मी नंदाच्या मागे गेले. तेवढ्याने सगळ्यांना कळलं.

नळी सोडवून साफ करायला संध्याकाळ झाली असती, आणि विमानाला दुपारीच दुसऱ्या गावी जायचं होतं. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. विमान आम्हीच बिघडवलं होतं. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर ओरडणार. हे टोपी काढून कॅप्टनला म्हणाले, "साहेब, तुमी बराबर किया. काटा हिलता नहीं तो उडनेका नहीं." मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अगं, ही तीच नळी."

मी म्हटलं, "हूं."

परतताना रिक्षात फक्त रमणभाई बोलले. "भाभी, मी म्हणत होतो ना जुनं विमान सेफ? जमिनीवर तर एकदम सेफ!"

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, सहाशे रुपये मी फेडीन. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी रमणभाईंकडून साड्या आणून फॉल लावायला बसले, एका साडीचे आठ रुपये. पंच्याहत्तर साड्या झाल्या. प्रत्येक साडी देताना रमणभाई विचारायचे, "भाभी, विमान कुठवर आलं?"

पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला शेवटचे पैसे ह्यांच्या हातावर ठेवले. सणाचं म्हणून घडी घातलेल्या नोटांना कुंकू लावलं होतं. ह्यांनी घडी डोळ्यांजवळ नेली, आत डोकावून पाहिलं, मग नोटा उलगडून मोजल्या. हिशोब चुकता झाला, सहाशेला एक रुपया कमी नाही. वर दोन अक्षता जास्त निघाल्या.