पाहून झालेली मुंबई

माझ्या आईला मुंबईची खडान्खडा माहिती होती. गेटवेवरून राणीच्या बागेत जायला कुठली बस, म्हातारीच्या बुटात मोठ्या माणसांना चढू देतात की नाही, चौपाटीवर भेळ संध्याकाळी खायची की दुपारी, सगळं तिला ठाऊक. पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीतून कोणीही मुंबईला निघालं की आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. आई हातातलं काम सोडून तासतासभर सांगायची. अन् ती स्वतः मुंबईला कधीच गेली नव्हती. हे फक्त तिला, बाबांना अन् मला, अशा तिघांनाच माहीत होतं, असं मी अगदी परवापरवापर्यंत समजत होते.

बाबा तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा बायकोपोरांना घेऊन राज्यात कुठंही फिरून यायची सवलत असते, प्रवासाचा खर्च सरकार देतं. कचेरीत सगळे त्याला ‘महाराष्ट्र दर्शन’ म्हणत. मी पाचवीत होते तेव्हा बाबांनी घरी सांगितलं, उन्हाळ्यात मुंबईला जाऊ. आईचं माहेर मारेगावकडचं, शेतातलं. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरात पसरलेली वर्धा नदी. समुद्र पाहायचा म्हणून ती इतकी हरखली की पंधरा दिवस आधीच शंकरपाळे तळून डब्यात भरले. पिवळी साडी घेतली, मला पांढरे सँडल घेतले. अख्ख्या गल्लीला सांगून झालं.

निघायला तीन दिवस राहिले होते. बाबा कचेरीतून आले, खुर्चीत बसले अन् म्हणाले, “जायचं नाही. बिलाला जोडायला तिकिटं एजंटकडून करून घेतली आहेत, बिल मंजूर होऊन जाईल. त्या पैशाचा घराच्या स्लॅबला हातभार लागेल. कचेरीत सगळेच तसं करतात.”

आईनं विचारलं, “अन् मी सगळ्यांले सांगून बसली, त्याचं काय?”

बाबांना तीच तर भीती होती. कुठल्याशा तालुक्यात अशा खोट्या बिलांची चौकशी लागली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून विचारलं, अशी बातमी तेव्हा कचेरीत फिरत होती. त्यात बाबांच्या कचेरीतला शिपाई आमच्याच गल्लीत राहायचा. बाबा असे, की घरी लिहायला कचेरीतला पेनसुद्धा कधी आणला नाही. आयुष्यात एकच लबाडी केली अन् तीही धड करता येईना. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण निघायचं. सगळ्यांसमोर निघायचं, अन् परत घरी यायचं.

तसे आम्ही निघालो. शेजारच्या काकूंनी आईला कुंकू लावलं, हातावर दही दिलं. आम्ही ऑटोनं बसस्टँडवर गेलो, तिथून जवळच्याच केळापूरला. देवीच्या देवळात सावलीला बसून राहिलो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या वेळेला मागच्या बोळातून, बॅगा डोक्यावर घेऊन, आम्ही आमच्याच घरात चोरासारखे शिरलो. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप तसंच होतं. नव्या साडीत आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली अन् प्रवासासाठी केलेल्या पुऱ्या तिनं आम्हाला वाढल्या. स्वतः काही खाल्लं नाही.

पाच दिवस आम्ही तसे राहिलो. कूलर लावायचा नाही, आवाज जातो. टीव्ही नाही. बोलायचं ते कानात. अंगातून नुसत्या धारा. मला आज तेवढं ऊन सोसत नाही, तेव्हा कसं सोसलं देव जाणे. बाबांनी बसस्टँडवरून मुंबईच्या स्थळांची एक पातळ पुस्तिका आणली होती, नकाशासकट. कोणी विचारलं तर उत्तरं यायला पाहिजेत म्हणून ते रोज दुपारी आमची तोंडी परीक्षा घ्यायचे.

“गेटवेच्या समोर काय आहे?”

“कबुतरं,” मी म्हणायची.

“कबुतरं नाही, मोठं हॉटेल. नीट पाठ कर.”

पहिला दिवस आई बाबांशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातातून पुस्तिका घेतली अन् वाचायला लागली. तिसऱ्या दिवशी तीच बाबांच्या चुका काढत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, “समुद्रावरून माणूस काळवंडून येते म्हणतात. आपण तं अंधारात बसून गोरे होऊन राह्यलो.” बाबा हसले. मीही हसले. आई हसली नव्हती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा मागून बाहेर, अन् तासाभरानं बॅगा घेऊन पुढून आत. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कसा होता वो समुद्र?” बाबा कुलपाशी झटापट करत होते, त्यांचा हात थांबला. आईनं हातातली बॅग ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, “काय सांगू बाई, नजर पुरत नाही.”

त्या दिवसापासून ती सांगत राहिली. दरवर्षी तिच्या मुंबईत भर पडायची. वाळूत तिची चप्पल रुतली. लाटेनं साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ती घाबरली तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला. बाबांनी तिचा हात चारचौघांत कधी धरल्याचं मला तरी आठवत नाही. ती हे सांगायची तेव्हा ते आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे अन् पान उलटायचे नाहीत. मला तिचा राग यायचा. कशाला इतकं सांगते, असं वाटायचं. मूर्ख होते मी.

मी कॉलेजात होते तेव्हा काकूंनी गल्लीतल्या बायकांची सहल काढली. शिर्डी, त्र्यंबकेश्वर अन् शेवटी दोन दिवस मुंबई. मिनीबस ठरली. मुंबईत काय काय पाहायचं याचा कागद आईनंच करून दिला, वेळेसकट. आपल्याला कोणी तरी “चला” म्हणेल म्हणून ती आठ दिवस वाट पाहत होती. कोणीच म्हणालं नाही. शेवटी तिनं स्वतःच ओट्यावरून काकूंना विचारलं, “किती जणी झाल्या वो?”

“फुल झाली गाडी,” काकू म्हणाल्या. “अन् तुमचं तं पाहून झालं.”

“हो ना,” आई म्हणाली. “मले कायले पुन्हा.”

ती आत आली अन् मेथी निवडत बसली. काड्या अन् पानं एकाच ताटात टाकत होती. मी चिडले. म्हटलं, “सांगून टाक ना काकूंना खरं. एवढं काय आकाश कोसळणार आहे?”

“तुह्या बाबाची दोन वर्षं राह्यली नोकरीची,” ती म्हणाली. “या वयात त्यांची मान खाली घालू का मी?”

गाडी निघाली त्या पहाटे तिनं सगळ्यांना पुरेल इतका चिवडा करून दिला. रस्त्यापर्यंत जाऊन हात हलवला. मी खिडकीतून पाहत होते. मला तिथंच रडायला आलं होतं, पण तिनं येऊन चहा ठेवला म्हणून मी गप्प राहिले.

माझं लग्न मारेगावला झालं. घरची शेती, कापूस अन् तूर. तीन वर्षांपूर्वी दीर मुंबईकडे नोकरीला लागले तेव्हा आम्ही पोरांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. चौपाटीवर उभं राहून मी आईला व्हिडिओ कॉल लावला अन् फोन समुद्राकडे फिरवला. तिच्या बाजूला काकू बसल्या होत्या. आई स्क्रीनमध्ये डोळे घालून पाहत होती. मग काकूंकडे वळून म्हणाली, “हो, तसाच आहे अजून.”

अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. आवाज दबका.

“काय वो, तो आवाज कायचा होता?”

“कोणता आवाज?”

“मांगून येऊन राह्यलता तो. सारखा.”

“आई, लाटांचा.”

“लाटांचा?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “इतका आवाज करते? पुस्तकात तं नव्हतं.” अन् थोड्या वेळानं, “इतके वर्षं मी सांगून राह्यली, पण आवाजाचं कोणालेच सांगितलं नाही. ज्या जाऊन आल्या, त्यांले समजलं असन का वो?”

“कोणाला काही समजत नाही,” मी म्हटलं. “यंदाचा कापूस घरात आला की तुला घेऊन येते. तू अन् मी, दोघीच.”

“खरंच आणशील?” तिनं विचारलं. पोरं भुकेली होती, ओढत होती. मी हो हो म्हणून फोन ठेवला.

आणलं नाही. त्या वर्षी वेचणीला बाया मिळेनात, मीच शेतात होते. पुढच्या वर्षी पोराची दहावी. तिसऱ्या वर्षी तिचे गुडघे दुखायला लागले, म्हटलं बरे होऊ देऊ. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही. मला सांगायला लाज वाटते, पण मी विसरलेही नव्हते. मला रोज वाटायचं की वेळ आहे. या फाल्गुनात तिच्या छातीत कळ आली. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस होती, अन् गेली.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर बायका पुढच्या खोलीत बसल्या होत्या. आईची एक लांबची भाची म्हणाली, “समाधानानं गेली मावशी. गल्लीत सगळ्यांच्या आधी मुंबई पाहून आली होती.”

बाबा भिंतीला टेकून बसले होते. तेरा दिवसांत ते कोणाशी धड बोलले नव्हते. ते म्हणाले, “नाही पाह्यली तिनं. मी नाही नेलं. ते पाच दिवस आम्ही इथंच होतो, या घरात कुलूप लावून.” अन् मग म्हातारा माणूस सगळ्या बायकांसमोर हुंदके देऊन रडला.

मग काकू म्हणाल्या, “मालूम आहे, भाऊजी.”

बाबांनी वर पाहिलं.

“तिसऱ्या दिवशी हिंगाच्या फोडणीचा वास आला मले तुमच्या खिडकीतून. मी ह्यांले म्हटलं, बाजूचे तं मुंबईले गेलते. ते म्हणे, गप राह्य, कोणाच्या नोकरीचा सवाल असते. मंग गल्लीत ज्याले समजलं, तो गपच राह्यला. तिनं सांगितलं की आम्ही ऐकत जाऊ. मस्त सांगत जाये.”

माझं डोकं भणाणलं. एवढी माणसं बसली आहेत याचं भान राहिलं नाही. “मग तुम्ही गाडी केली तेव्हा तिला काहून नेलं नाही, काकू? माहीत होतं ना तुम्हाला?”

“कशी नेऊ माय?” काकूंनी पदर डोळ्यांना लावला. “समुद्र पह्यल्यांदा पाहून राह्यलेल्या बाईचं तोंड लपते का? अठरा जणींच्या समोर उघडी पडली असती ती. तिची इज्जत राहो, म्हणून मीच सगळ्यांले म्हटलं, तिले कोणी विचारू नका.”

“पण गाडी तर फुल झाली होती,” मी म्हटलं.

“नाही झाली,” काकू म्हणाल्या. “माह्या बाजूची खिडकीची जागा रिकामीच होती. जाता-येता आम्ही तिथं पिशव्या ठेवल्या.”