घोळ कोण कापणार

रिटायर झाल्यावर मला मारामारीचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. गाडी घासली म्हणून कानफटात, पार्किंगवरून पट्ट्याने, कुणाचं डोकंच फुटलेलं. जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये बसून तासन् तास बघायचो आणि स्वतःचं डोकं तापवून घ्यायचो. मध्येच कुणी बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईवरही खेकसायचो.

त्या सकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसून विळीवर सुरमई कापत होती. मी शेजारी खुर्चीत. ती सांगत होती, भाचीच्या हळदीला दोन दिवस आधी गावात मामाकडे जायचंय, जेवणाची घोळ तीच कापणार. आम्हा कोळ्यांत लग्नाचा मोठा मासा कुणाच्याही हातात देत नाहीत. आईने उभ्या आयुष्यात विळीवर बोट कापून घेतलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक लग्नात तिलाच बोलावणं. तेवढाच काय तो तिचा तोरा. मी नुसतं "हं, हं" करत होतो.

"काय बोलले मी? सांग!" ती ओरडली, आणि बसल्या जागेवरून हात लांब करून तिने माझा मोबाईल ओढला.

मी तिला ढकललं. चांगलं दोन्ही हातांनी. आई विळीवर गेली. अंगठ्यापासून मनगटापर्यंत तळहात उघडला, सुरमईच्या तुकड्यांवर रक्ताची धार लागली. लाज वाटते सांगायला, मी आधी मोबाईलची काच बघितली.

केबिन रोडवरच्या डॉक्टरने टाके घालताना विचारलं, "माँजी, कैसे लगा?"

"मछली काटते काटते," आई म्हणाली. "बुढ्ढी हो गयी ना." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

हळदीला आम्ही गेलो. अंगणात मासा आणून ठेवला होता. आई पुढे झाली, तर मामाच्या सुनेने विळी स्वतःकडे ओढली.

"आत्या, तू बस गो. तुला आता जमनार न्हाय."

"सोताचा हात कापलान हिनं, घोळ काय कापंल!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली आणि बँडेजचा हात पदराखाली घेतला.

मी दारातच उभा होतो. आईचा हात चुकला नाही, मी तिला ढकललं, एवढंच बोलायचं होतं. एरवी घर डोक्यावर घेणारा मी, खिशातून मोबाईल काढून त्यात बघत राहिलो. मामाच्या सुनेने विळीवर पाय ठेवला.