उतरणाऱ्यानं आधी बोलायचं

बातमी आली तेव्हा मी इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात एका बाईंना कुकरची शिटी बसवून दाखवत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. फोन वाजला. पैलगावच्या गटावर पार्वताबाईच्या खात्यावरून संदेश होता, 'कळवायला वाईट वाटतं. पार्वताबाई आज सकाळी गेल्या.' झालं, माझं टाळकंच फिरलं. तीन महिने तोंड फिरवून बसलेली बाई आज उगवते आणि कोणाला न विचारता स्वतःचं पात्र मारून टाकते! एका हातात शिटी धरून दुसऱ्या हातानं मी टपाटप लिहिलं, 'पात्राचा मृत्यू लिहिण्याआधी कारभाऱ्यांची परवानगी लागते. नियम नऊ वाचा. संदेश काढून टाकावा.' दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'काका, हे खेळातलं नाही. मी त्यांची भाची अस्मिता. मावशी खरंच गेली. तुम्ही सगळे तिला त्याच नावानं ओळखता म्हणून तसं लिहिलं.' समोरच्या बाई विचारत होत्या, भाऊ, झाकण लागते का नाही नीट... मी काय बोललो ते मला आठवत नाही. माझा तो 'नियम नऊ वाचा' मात्र तसाच वर दिसत होता, आणि चाळीस माणसांनी तो वाचला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैलगाव हे नकाशावर नसलेलं गाव आहे. फोनवर वसवलेलं. तिथं यायचं तर प्रत्येकानं एक पात्र तयार करायचं, कोणी शिंपी, कोणी नर्स, कोणी उधळ्या जावई, आणि त्या पात्राच्या तोंडून लिहायचं. एकानं दोन ओळी लिहिल्या की दुसऱ्यानं पुढं न्यायचं. मी तिथला पोस्टमन सदाशिव. शालूताई म्हणजे स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या पार्वताबाई. खऱ्या आयुष्यात त्या कन्हानला राहायच्या, आणि निवृत्त होईपर्यंत उमरेडच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. गाव त्यांनीच वसवलं. नवीन पात्रांचे अर्ज तपासायला, भांडणं मिटवायला तीन कारभारी होते. शालूताई, मी, आणि उमरेडचा प्रफुल्ल. त्याच्या घरी हातमाग होता, आता तो मोबाईल दुरुस्त करतो.

सगळं जग घरात कोंडलं गेलं होतं त्या वर्षी मी तिथं पोचलो. दुकान बंद, डोकं रिकामं. मी हौसेनं अर्ज भरला, एका राजकुमाराचा. तलवार, काळा घोडा, सुडाची शपथ, सगळा सरंजाम. अर्ज परत. खाली लिहिलेलं, 'घोड्याले चारा कोण टाकते?' मी चिडून चाऱ्याची सोय लिहिली. पुन्हा परत. 'इथं राजकुमाराले काम नाही. सायकल येते का त्याले?' चार वेळा परत आला माझा अर्ज. शेवटी वैतागून मी लिहिलं की हा पोस्टमन आहे, सायकलीची चेन पडते आणि लोकांची पत्रं वाचायचा याला मोह होतो. तेव्हा कुठं पुढं सरकला. पण अर्जाच्या तळाशी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, आणि तो मी मोकळा सोडला होता. 'या माणसाची गावात वाट कोण पाहून राहिलं?' मी फोन केला, भांडायलाच. "ताई, नवीन माणसाची वाट कोण कशाला पाहील?"

"काहून नाही पाहणार गा?" पलीकडून आवाज आला, खिडकीतून गाड्यांचे फलाट सांगून सांगून कमावलेला. "अठ्ठावीस वर्षं मी स्टँडवर बसली. एकटा उतरणारा माणूस कसा इकडं तिकडं पाहते, माहीत आहे तुले? कोणी तरी घ्यायला आलं पाहिजे बाप्पा. तुले कोणी नाही सुचत तं माहं नाव टाक."

म्हणून टाकलं. आणि पैलगावात सदाशिव उतरला तेव्हा पार्वताबाई स्टँडवर हजर होत्या. हीच तिथली रीत होती. अर्ज मंजूर झाला की नवीन पात्र बसनं येणार, आणि कोणा एका कारभाऱ्यानं आपलं पात्र घेऊन त्याला घ्यायला जायचं. आणखी एक बारीक अट होती. आधी उतरणाऱ्यानं बोलायचं, घ्यायला आलेल्यानं नाही. का, तर नवीन माणूस बुजतो, त्याच्या तोंडात आपण शब्द घातले की तो कायमचा आपल्यासारखं बोलतो. त्याला घेऊ द्यावा त्याचा वेळ. मी पहिल्या दिवशी पाऊण तास घेतला होता. काय लिहावं सुचेचना. पार्वताबाई तेवढा वेळ थांबल्या होत्या.

पुढं त्या दुकानात यायला लागल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आल्या आल्या पंखा लावायला सांगणार. एकदा ॲल्युमिनियमचं चहाचं पातेलं घेतलं आणि माझ्या बायकोला अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "टपरीवर पाहिजे होतं." बायको अजूनही समजते की त्यांची खरोखर टपरी होती. मला आई लवकर गेली, मोठी बहीण नाही. असलं काही मी कधी त्यांना बोललो नाही. आज लिहितो, कारण आता त्या अर्ज परत पाठवू शकत नाहीत.

गाव वाढलं तशी कटकट वाढली. नवीन पोट्टे यायचे, दोन ओळींचा अर्ज टाकायचे, आठवडाभर धिंगाणा घालायचे आणि गायब. एकानं तर गावातल्या नर्सशी लग्न ठरवलं आणि साखरपुड्याच्या दिवशीच बेपत्ता, ती लिहिणारी मुलगी खरोखर रडली. मी म्हटलं नियम बदलायचे, आणि मी बदलले. अर्ज तीनशे शब्दांचाच पाहिजे. अर्जावर खऱ्या माणसाचं नाव नको, म्हणजे वशिला नको. कारभारी साठ दिवस न सांगता गैरहजर राहिला तर त्याचं पद जाईल, पात्र झोपेल, आणि परत यायचं तर नवीन पात्र, नवीन अर्ज, सगळ्यांसारखं रांगेत. अर्जाबाहेरचा मजकूर दिसला की अर्ज परत. आणि तो शेवटचा प्रश्न मी काढून टाकला. लोक तिथं काहीबाही लिहायचे, तपासायला वेळ जायचा.

शालूताईंनी बाकी सगळं मान्य केलं. प्रश्नावर अडल्या. "तेवढा राहू दे, विजू."

"ताई, त्या प्रश्नानं होते काय? तुम्ही भावनेत चालता. गाव असं नाही चालत."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू पाहून घे मग."

एवढंच. त्यानंतर त्या लिहीनाशा झाल्या. मला वाटलं रुसल्या. रुसू देत, मी काय घोडं मारलं? रोज टपरी बंद दिसायची आणि रोज माझा पारा चढायचा. प्रफुल्ल दोनदा म्हणाला, "भाऊ, एक फोन तं करा ताईले." मी म्हटलं, त्यांना नाही करता येत? माणूस इतका मूर्ख असू शकतो, यावर मला आता काही बोलायचं नाही. साठ दिवस भरले त्या दिवशी मी स्वतः, माझ्या या अंगठ्यानं, त्यांचं नाव कारभाऱ्यांतून काढलं. नियम आपोआप चालत नव्हता. कोणाला तरी बटण दाबावं लागायचं. प्रफुल्लनं नकार दिला, म्हणून मी दाबलं.

त्यांचा अंत्यविधी कन्हान नदीच्या काठावर झाला. मी मागं उभा होतो. पैलगावातले आम्ही पाचसहा जण, एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो, आणि कोणाला कोणत्या नावानं हाक मारावी कळत नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि अस्मितानं मला बाजूला बोलावलं. तिनं सांगितलं, शालूताई इतके दिवस दवाखान्यात होत्या, पण मला कळवू नका म्हणाल्या होत्या. "ते पोट्टं दुकान सोडून पयत येईन," असं म्हणाल्या होत्या. मग अस्मिता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काका, तुम्ही मावशीले नापास केलं, माहीत आहे नं?"

मला काही माहीत नव्हतं. तिनं त्यांचा फोन दाखवला. अर्ज होता. नाव निर्मला, वय एकसष्ट, काम शिवण. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर लिहिलेलं. नियमाप्रमाणे नवीन पात्र, नवीन अर्ज, रांगेत. मला तो अर्ज आठवला. आखूड होता, आणि खाली काहीतरी जादा मजकूर होता. मी वाचलंही नव्हतं. 'शब्दसंख्या अपुरी. अर्जाबाहेरचा मजकूर काढून पुन्हा पाठवावा,' असं लिहून परत केला होता.

"लय हसली त्या दिवशी," अस्मिता म्हणाली. "म्हणे, बरोबर केलं त्यानं, मीच तं शिकवलं. चार वेळा मी त्याचा परत केला होता, माहा एकदाच झाला."

पण मग तिनं वही दिली. शालूताई अर्ज तीनशे शब्दांचा करायला बसल्या होत्या. पेन्सिलीनं लिहीत होत्या, आणि प्रत्येक दहा शब्दांवर समासात एक काठी. निर्मलाच्या मशीनचा पट्टा सारखा निसटतो. निर्मलाला मोजमाप तोंडपाठ राहते पण माणसांची नावं विसरते. तिनं कोणाकडून तरी शिवायला घेतलेलं पोलकं परत द्यायचं राहिलं आहे. पुढं अक्षर वाकडं होत जातं. मी काठ्या मोजल्या. अठरा होत्या. माझ्या नियमासाठी त्या बाईनं दवाखान्यात बसून शब्द मोजले होते, आणि मी आकडा लिहिताना एक मिनिटही विचार केला नव्हता. दोनशे का नाही, शंभर का नाही, कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुकानात एका जागी बसवत नाही. डबे उतरवतो, पुसतो, पुन्हा चढवतो. गिऱ्हाईक कळशी मागतं, मी परात काढतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. मध्येच फोन उघडतो, पैलगावचं स्टँड बघतो, बंद करतो, परत उघडतो. नियम तर मी त्याच दिवशी बदलले. साठ दिवसांचा काढला, शब्दांची अट काढली, आता कारभारी दिसेनासा झाला की पहिला नियम असा की कोणीतरी फोन करायचा. तळाचा प्रश्न परत घातला, त्यांच्याच शब्दांत, 'पाहून राहिलं' सकट. त्यानं मला काही बरं वाटलं असेल असं समजू नका.

मग मी प्रफुल्लला फोनवर म्हटलं की निर्मलाचा अर्ज मंजूर करायचा. तो म्हणाला, "भाऊ, पात्राले लिहिणारं माणूस लागते. कोण लिहीन? तुम्ही?" मी ओरडलो, कोणी लिहायचं नाही, कोणीच हात लावायचा नाही, पण तिला आत घ्यायचं, बाहेर उभं नाही ठेवायचं! दुकानातली माणसं बघायला लागली. प्रफुल्ल हळूच म्हणाला, "घेऊ. तुम्ही आधी पूर्ण वाचा तं."

तेव्हा मी तो अर्ज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. जो जादा मजकूर काढायला सांगितला होता, तो हाच होता: मी काढून टाकलेला प्रश्न त्यांनी स्वतः लिहून त्याचं उत्तर दिलेलं होतं.

'या माणसाची गावात वाट कोण पाहून राहिलं? पोस्टमन सदाशिव. त्याले अजून माहीत नाही.'

मी अर्ज मंजूर केला. रीतीप्रमाणे कारभाऱ्यानं घ्यायला जायचं, म्हणून मीच गेलो. एवढंच लिहिलं की उमरेडची गाडी लागली आहे आणि सदाशिव सायकल भिंतीला टेकवून उभा आहे. पार्वताबाईच्या टपरीवर पातेलं चढवलं आहे. त्याला आता तीन आठवडे होत आले. गावातले बाकीचे लोक स्टँडवरून येतात जातात, कोणी मला हलवत नाही, पत्रं दुसरा कोणी वाटतो. दिवसातून वीस वेळा मी उघडून बघतो. मला खूप काही सांगायचं आहे निर्मलाबाईंना... पण मी पहिला शब्द लिहिलेला नाही. उतरणाऱ्यानं आधी बोलायचं असतं.